धावपटूच्या गणवेशाची मालकी

ऑगस्ट २०१५ मध्ये बीजिंग येथे जागतिक मैदानी अजिंक्यपद स्पर्धा भरली, तेव्हा आठशे मीटर शर्यतीचा अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता निक सिमंड्स तेथे नव्हता. त्याचा पाय दुखावला नव्हता, उत्तेजक द्रव्याच्या चाचणीत तो सापडला नव्हता आणि निवड चाचणीत मागेही पडला नव्हता. दोनच महिन्यांपूर्वी यूजीन येथे त्याने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. २०१३ साली मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत त्याने रौप्यपदक जिंकले होते. त्याचा अपराध एवढाच, की अमेरिकेच्या मैदानी खेळांच्या महासंघाने पुढे केलेल्या एका निवेदनावर त्याने सही केली नाही. संघाच्या सर्व ‘अधिकृत कार्यक्रमांत’ खेळाडूने महासंघाच्या प्रायोजकाचा, म्हणजे नायकी कंपनीचा गणवेश घालावा, अशी त्या निवेदनातील अट होती. प्रवासाला निघताना नायकीचे, महासंघाने दिलेले किंवा कोणतेच चिन्ह नसलेले कपडेच पेटीत भरावेत, असेही खेळाडूंना कळवण्यात आले होते.

सिमंड्सला वर्षभर पोसणारी कंपनी मात्र दुसरी होती. ब्रुक्स ही बूट बनवणारी कंपनी त्याला पैसे देत होती आणि त्या पैशांवर त्याचा सराव, प्रवास व उदरनिर्वाह चालत होता. प्रत्यक्ष शर्यतीत आणि पदकदान समारंभात राष्ट्रीय गणवेश घालण्यास त्याची हरकत नव्हती. त्याचा प्रश्न साधा होता: ‘अधिकृत कार्यक्रम’ म्हणजे नेमके काय? हॉटेलातली न्याहारी हा अधिकृत कार्यक्रम आहे काय? संध्याकाळी रस्त्यावर पाय मोकळे करणे हा आहे काय? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्याला मिळाले नाही. मुदत संपली आणि राष्ट्रीय विजेता घरी राहिला.

सिमंड्स आता निवृत्त झाला आहे, परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न निवृत्त झालेला नाही. धावपटूच्या कष्टांवर, त्याच्या नावावर आणि त्याच्या प्रतिमेवर हक्क कोणाचा? स्वतः त्याचा, त्याला पैसे देणाऱ्या कंपनीचा, की ज्याच्या परवानगीवाचून त्याला मैदानावर पाऊलही टाकता येत नाही त्या महासंघाचा? प्रश्न खेळाचा वाटतो, पण त्याचे स्वरूप मुळात आर्थिक आहे. म्हणून क्रीडाप्रेमाचा उमाळा बाजूला ठेवून तो तपासला पाहिजे.

हौशीपणाचे सोवळे

महासंघांच्या सत्तेचे मूळ हौशीपणाच्या तत्त्वात आहे. हे तत्त्व वरवर पाहता मोठे उदात्त दिसते. खेळ हा खेळासाठी खेळावा, द्रव्यासाठी खेळू नये, यात वाईट काय? परंतु या तत्त्वाचा जन्म ज्या इंग्लंडमध्ये झाला, तेथे १८६० च्या दशकात हौशी खेळाडूची व्याख्या करताना कारागीर आणि मजूर यांना सरळ वगळण्यात आले होते. अंगमेहनतीने पोट भरणारा माणूस हौशी असूच शकत नाही, अशी ती समजूत होती. १८८० साली स्थापन झालेल्या इंग्लंडच्या हौशी मैदानी संघटनेने ही अट काढून टाकली, पण तिच्यामागचा भाव पुढे शंभर वर्षे टिकून राहिला. ज्याच्या घरी खाण्यापिण्याची ददात नाही त्याने खेळावे, इतरांनी टाळ्या वाजवाव्यात, असे हे सोवळे होते.

त्याचे बळी ठरलेल्यांची यादी लांबलचक आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धा जिंकणाऱ्या जिम थॉर्पने त्यापूर्वी किरकोळ मोबदल्यावर बेसबॉल खेळल्याचे उघड झाले आणि १९१३ साली त्याची पदके काढून घेण्यात आली. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा नोंदवले जाण्यास २०२२ साल उजाडावे लागले. तोपर्यंत त्याला जाऊन सात दशके होत आली होती. फिनलंडचा थोर धावपटू पाव्हो नुर्मी याला प्रवासखर्चाच्या नावाखाली जास्त पैसे घेतल्याच्या आरोपावरून १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधून दूर ठेवण्यात आले. १९४५ साली एक मैलाचा विक्रम ४ मिनिटे १.४ सेकंदांवर आणून ठेवणारा स्वीडनचा गुंडर हॅग, आणि त्याचा प्रतिस्पर्धी आर्ने अँडरसन, या दोघांनाही महायुद्ध संपताच पैसे घेतल्याबद्दल कायमचे बाद करण्यात आले. चार मिनिटांची भिंत अखेर १९५४ साली रॉजर बॅनिस्टरने ओलांडली. तिच्या सर्वांत जवळ पोहोचलेल्या माणसाला मात्र पुन्हा प्रयत्न करण्याची मुभाच उरली नव्हती.

जेसी ओवेन्सची कथा याहून बोलकी आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदके जिंकल्यानंतर महासंघाने त्याला युरोपात प्रदर्शनीय शर्यती धावत फिरवले. त्या शर्यतींचे उत्पन्न आयोजकांच्या आणि संघटनेच्या हिशेबात जमा होत होते. धावणाऱ्याच्या हाती काही पडत नव्हते. थकलेला ओवेन्स पुढचा दौरा सोडून मायदेशी परतला, तेव्हा त्याच्यावर बंदी घालण्यात आली. पैसा खेळात तेव्हाही होता, फक्त तो खेळाडूपर्यंत पोहोचू द्यायचा नाही असा दंडक होता. हौशीपणाच्या तत्त्वाचा आर्थिक अर्थ एवढाच निघतो.

पैसा आला, पहारा राहिला

हा डोलारा १९८० च्या दशकात कोसळला. बूट कंपन्या खेळाडूंना पाकिटातून पैसे देतात हे एव्हाना सर्वांना ठाऊक होते. १९८१ साली अमेरिकेत पोर्टलंड येथे रस्त्यावरील एका शर्यतीत काही धावपटूंनी उघडपणे बक्षिसाची रक्कम स्वीकारून नियमालाच आव्हान दिले. १९८२ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने विश्वस्त निधीची पळवाट काढली. खेळाडूला मिळणारे पैसे महासंघाच्या देखरेखीखालील निधीत जमा व्हायचे. सरावापुरता खर्च त्यातून काढता यायचा. उरलेली रक्कम निवृत्तीनंतर मिळायची. पुढे ही बंधनेही सैल झाली. १९९७ पासून जागतिक स्पर्धेत रोख बक्षिसे सुरू झाली. २००१ साली आंतरराष्ट्रीय महासंघाने आपल्या नावातील ‘हौशी’ हा शब्दच गाळला आणि २०१९ मध्ये ‘वर्ल्ड ॲथलेटिक्स’ असे सुटसुटीत नाव धारण केले. २०२३ च्या बुडापेस्ट स्पर्धेत सुवर्णपदक विजेत्याला ७० हजार डॉलर मिळाले. भालाफेकीतील ती रक्कम नीरज चोप्राच्या वाट्याला आली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या महासंघाने प्रत्येक सुवर्णविजेत्याला ५० हजार डॉलर दिले. ऑलिंपिकच्या इतिहासात एखाद्या खेळाच्या महासंघाने असे बक्षीस देण्याची ही पहिलीच वेळ होती.

याचा अर्थ खेळाडू मोकळा झाला, असा कोणी काढील तर ती चूक ठरेल. पूर्वी महासंघ पैशाला मज्जाव करीत होता. आता तो पैशाचा मार्ग ठरवू लागला. बंदी गेली, पण नाका राहिला. खेळाडूने कोणत्या कंपनीचे चिन्ह किती आकाराचे, कोठे आणि केव्हा मिरवावे याचे नियम आले. यातील विसंगती मौजेची आहे. शर्यतीतले बूट हे खेळाचे साधन मानले जाते, म्हणून ते सामान्यतः खेळाडूच्या पसंतीचे असतात. बनियन आणि चड्डी हा राष्ट्रीय गणवेश मानला जातो, म्हणून तो महासंघाच्या प्रायोजकाचा असतो. म्हणजे एकाच देहावर दोन सत्ता नांदतात आणि त्यांची सरहद्द घोट्यापाशी आहे. सिमंड्सने २०१२ साली आपल्या खांद्यावरची जागा लिलावात काढली आणि एका जाहिरात संस्थेने ११,१०० डॉलर देऊन तेथे आपले नाव तात्पुरते गोंदवून घेतले. मुख्य स्पर्धांत उतरताना त्याला त्या नावावर पट्टी चिकटवावी लागत असे. स्वतःची कातडीही त्याला स्वतःच्या मर्जीने भाड्याने देता येत नव्हती.

एकच दरवाजा

अर्थशास्त्राची दृष्टी येथे उपयोगी पडते. बाजारात विकणारा एकच असला तर ग्राहक नाडला जातो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. घेणारा एकच असला तर विकणारा नाडला जातो, ही त्याची दुसरी बाजू तितकीशी लक्षात घेतली जात नाही. महाराष्ट्रातील कापूस उत्पादकांना ती समजावून सांगण्याची गरज नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेचा हेतू शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवण्याचा होता. पण बाहेर भाव चढला की वऱ्हाडातला कापूस सरहद्द ओलांडू पाहत असे. एकच खरेदीदार हेतूने भला असला, तरी विकणाऱ्याला दुसरी वाट हवीशी वाटतेच.

धावपटूची अवस्था याहून बिकट आहे, कारण त्याला सरहद्द ओलांडणेही सोपे नाही. केनियाचा स्टीफन चेरोनो २००३ साली कतारचा नागरिक झाला आणि सैफ सईद शाहीन या नावाने त्याच वर्षी तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत जगज्जेता ठरला. परंतु नागरिकत्व बदलल्यावर ऑलिंपिकसाठी तीन वर्षांची प्रतीक्षा असते आणि ती माफ करण्यास केनियाच्या ऑलिंपिक समितीने नकार दिला. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला तो मुकला. ऑलिंपिक संपून आठवडाही उलटला नव्हता, तोच ब्रसेल्स येथे त्याने ७ मिनिटे ५३.६३ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. तो २०२३ पर्यंत अबाधित होता. त्या वेळी जगात सर्वांत वेगाने ही शर्यत धावणारा माणूस ऑलिंपिकच्या मैदानावर नव्हता.

शिवाय या खेळातील उत्पन्नाचे एक वैशिष्ट्य आहे. क्रिकेटपटू किंवा फुटबॉलपटू वर्षभर प्रेक्षकांसमोर असतो. धावपटूकडे जगाचे लक्ष जाते ते चार वर्षांतून एकदा ऑलिंपिकच्या वेळी, आणि फार तर एक वर्षाआड जागतिक स्पर्धेच्या वेळी. त्याच्या नावाची किंमत त्या आठ-दहा दिवसांत सर्वाधिक असते आणि नेमक्या त्याच दिवसांत महासंघाची व ऑलिंपिक समितीची बंधने सर्वाधिक कडक होतात. ऑलिंपिक सनदेतील चाळिसाव्या नियमानुसार स्पर्धेच्या काळात खेळाडूचे नाव वा छायाचित्र त्याच्या खासगी प्रायोजकाला जाहिरातीत वापरता येत नसे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी अनेक अमेरिकन धावपटूंनी याविरुद्ध उघड आवाज उठवला. पीक हाती येण्याच्या दिवसांतच बाजार समितीने दरवाजे लावून घ्यावेत, तशातला हा प्रकार होता.

या बंधनांचा भार कोणावर पडतो, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेच्या महासंघाने २०१४ साली नायकीशी २०४० पर्यंतचा करार केला. त्याची रक्कम सुमारे ५० कोटी डॉलर असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले. नायकीने एवढी रक्कम कशासाठी दिली? केवळ गणवेश पुरवण्याच्या मानासाठी नव्हे. मोठ्या स्पर्धेत अन्य कंपन्यांची चिन्हे दिसणार नाहीत, ही हमीही त्या किमतीत आहे. ही हमी जितकी पक्की, तितका अन्य कंपन्यांना त्या देशाच्या खेळाडूशी करार करण्यात रस कमी. बोली लावणारे कमी झाले की भाव उतरतो आणि तो केवळ इतर कंपन्यांच्या खेळाडूंचा उतरत नाही. स्पर्धा उरली नाही म्हणजे नायकीलाही आपल्या खेळाडूंना पूर्वीइतके पैसे देण्याचे कारण राहत नाही. अशा रीतीने महासंघाच्या तिजोरीत जमा होणाऱ्या रकमेचा काही भाग खेळाडूंच्या खिशातून आलेला असतो. तो कर आहे, पण त्यावर करदात्याचे मत कोणी घेतलेले नाही.

महासंघाची बाजू

याचा अर्थ महासंघ मोडीत काढावेत असा मात्र नाही. विक्रम कोणता ग्राह्य धरावा, उत्तेजकांची चाचणी कशी घ्यावी, बुटाचा तळ किती जाड असावा, अशा गोष्टींना एकच नियम आणि एकच नियामक हवा. रस्त्यावरील शर्यतीत बुटाचा तळ ४० मिलिमीटरहून जाड असू नये, असा नियम २०२० साली झाला नसता, तर शर्यत धावपटूंची न राहता कारखान्यांची झाली असती. राष्ट्रीय संघ एकच असतो, तेव्हा त्याचा दरवाजाही एकच राहणार.

महासंघाचा दुसरा युक्तिवादही वजनदार आहे. प्रायोजकांची नजर शंभर मीटरच्या विजेत्यावर असते. हातोडाफेक करणाऱ्याकडे, चालण्याच्या शर्यतीतील स्पर्धकाकडे किंवा पंधरा वर्षांच्या होतकरू मुलीकडे ती वळत नाही. प्रत्येक नामवंताने आपापला प्रायोजक आणला आणि राष्ट्रीय गणवेशाला कवडीची किंमत उरली नाही, तर या उपेक्षितांचा खर्च कोणी करायचा? सामाईक उत्पन्नातून दुबळ्यांना आधार द्यायचा, हे तत्त्व समाजवादी विचाराच्या कोणाही माणसाला पटण्याजोगे आहे.

महासंघाला डावलून उभे राहिलेले खासगी प्रयोगही फारसे आश्वासक नाहीत. १९७३ मध्ये अमेरिकेत व्यावसायिक धावपटूंचा एक फिरता संच निघाला. केनियाचा किपचोगे केइनो, अमेरिकेचा जिम रायन यांसारखे नामवंत त्यात दाखल झाले. तो १९७६ मध्ये बंद पडला. अगदी अलीकडे, २०२५ साली, ऑलिंपिकविजेता मायकेल जॉन्सन याने ‘ग्रँड स्लॅम ट्रॅक’ नावाची स्पर्धामालिका सुरू केली. विजेत्यास एक लाख डॉलर, असा तिचा डंका होता. किंग्स्टन, मायामी व फिलाडेल्फिया येथील सामने झाले. लॉस एंजेलिसचा चौथा सामना रद्द करावा लागला आणि जिंकलेल्या धावपटूंना आपल्या बक्षिसासाठी महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. खासगी भांडवल आले म्हणजे खेळाडूचे भले होतेच, या भाबड्या समजुतीला हे सणसणीत उत्तर आहे.

मात्र सामाईक निधीचा युक्तिवाद करणाऱ्याने हिशेब उघडा ठेवला पाहिजे. येथे महासंघांचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. केनियातील धावपटूंनी नोव्हेंबर २०१५ मध्ये नैरोबी येथील आपल्याच महासंघाच्या कार्यालयात ठिय्या दिला होता. नायकीकडून आलेले पैसे वळवल्याच्या प्रकरणात त्या महासंघाच्या एका माजी उपाध्यक्षाला २०१८ साली आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नीतिमंडळाने तहहयात बाद केले. आंतरराष्ट्रीय महासंघाचे १९९९ ते २०१५ या काळातील अध्यक्ष लामिन दियाक यांना रशियन खेळाडूंची उत्तेजकांची प्रकरणे दडपण्याच्या मोबदल्यात पैसे घेतल्याबद्दल पॅरिसच्या न्यायालयाने २०२० साली दोषी ठरवले. त्यांच्या जागी आलेले सेबॅस्टियन को हे निवडून आल्यानंतरही काही महिने नायकीचे मानधन घेणारे प्रतिनिधी होते. टीका झाल्यावर नोव्हेंबर २०१५ मध्ये त्यांनी ते नाते सोडले. त्यांच्यावर लाचलुचपतीचा ठपका नाही, पण नियम करणाऱ्याने नियमाखाली येणाऱ्या कंपनीच्या वेतनपटावर असू नये, हे कोणा शहाण्याने सांगण्याची गरज पडू नये. कुंपणाने शेत खाऊ नये आणि शेताच्या खरेदीदाराकडून पगारही घेऊ नये.

प्रायोजक म्हणजे देवदूत नव्हे

महासंघाच्या जाचातून सुटून खेळाडू प्रायोजकाच्या आश्रयाला गेला, तर तेथेही त्याला मऊ गादी मिळतेच असे नाही. बोरिस बेरियन हा अमेरिकन धावपटू २०१६ साली आठशे मीटरचा बंदिस्त मैदानावरील जगज्जेता ठरला. न्यू बॅलन्स कंपनीने त्याला वर्षाला सव्वा लाख डॉलर देऊ केले. जुन्या करारातील हक्काचा आधार घेऊन नायकीने त्याच्यावर दावा लावला आणि ऑलिंपिक निवड चाचणीच्या तोंडावर हा धावपटू न्यायालयात खेचला गेला. वादाचा मुद्दा कपातीच्या कलमांचा होता. खेळाडू दुखापतीने वा अन्य कारणाने ठरावीक शर्यतींत उतरला नाही किंवा त्याचे मानांकन घसरले, तर करारातील रक्कम आपोआप कमी व्हावी, असा या कलमांचा आशय असतो. अखेर नायकीने दावा मागे घेतला, पण अशी कलमे या व्यवसायात किती रुळलेली आहेत ते जगाला कळले.

ॲलिसन फेलिक्सचा अनुभव तर अधिक अस्वस्थ करणारा आहे. सहा ऑलिंपिक सुवर्णपदके नावावर असलेल्या या धावपटूला मातृत्वाच्या सुमारास नायकीने पूर्वीपेक्षा ७० टक्के कमी रक्कम देऊ केली. बाळंतपणाच्या आसपासच्या महिन्यांत कामगिरी खालावली तर आपल्याला दंड होणार नाही, एवढी हमी तिने मागितली. ती मिळाली नाही. मे २०१९ मध्ये तिने हे सारे वृत्तपत्रातून जाहीरपणे लिहिले. काही महिन्यांतच नायकीला आपले धोरण बदलावे लागले. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती स्वतः स्थापन केलेल्या कंपनीचे बूट घालून धावली आणि आणखी दोन पदके घेऊन परतली. परंतु प्रत्येक धावणारी स्त्री ॲलिसन फेलिक्स नसते. ज्यांच्या नावाला जगात वजन नाही, त्यांच्या तक्रारीला वृत्तपत्रात जागा मिळत नाही आणि करारातील कलमही बदलत नाही.

म्हणजे एका बाजूला पैसे न देता हक्क सांगणारा महासंघ, दुसऱ्या बाजूला पैसे देऊन हक्क सांगणारी कंपनी. ‘आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना’ ही म्हण महासंघाला तंतोतंत लागू पडते. बापाने भीक मागू दिली, तरी दाता सज्जनच भेटेल याची शाश्वती नाही, एवढी भर तिच्यात घालायला हवी.

न्यायालयांचा अनुभवही एकसारखा नाही. सिमंड्सच्या कंपनीने अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला. परंतु ऑलिंपिक क्रीडेचे नियमन संसदेनेच या संस्थांकडे सोपवले असल्याने त्यांना अशा दाव्यापासून संरक्षण आहे, असे २०१८ साली अपील न्यायालयाने ठरवले. याउलट जर्मनीच्या स्पर्धा नियामक कार्यालयाने चाळिसाव्या नियमाची चौकशी केली आणि २०१९ च्या फेब्रुवारीत जर्मन खेळाडूंसाठी तो नियम सैल करणे ऑलिंपिक समितीला भाग पाडले. त्याच वर्षी समितीने मूळ नियमही बदलला. सिमंड्सच्या प्रकरणानंतर खुद्द अमेरिकेच्या महासंघालाही राष्ट्रीय संघातील खेळाडूंना प्रत्येकी दहा हजार डॉलर देण्याची योजना आखावी लागली. एका माणसाने घरी राहण्याचे मोल दिले. लाभ इतरांना झाला.

भारतापुढील प्रश्न

भारतात हा प्रश्न आजवर तीव्रतेने उठला नाही, याचे कारण येथील धावपटूचा प्रायोजक मुख्यतः सरकार हेच राहिले आहे. मिल्खा सिंग सैन्यात होते, पी. टी. उषा रेल्वेत होत्या. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा अविनाश साबळे सैन्यात भरती झाल्यावर धावू लागला. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने रौप्यपदक मिळवले आणि २०२४ साली पॅरिसमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. नाशिकची कविता राऊत, साताऱ्याच्या माणदेशातील ललिता बाबर यांनाही सरकारी वा सार्वजनिक क्षेत्रातील नोकरीनेच स्थैर्य दिले. २०१४ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या पदकविजेता योजनेत निवडक खेळाडूंना दरमहा ५० हजार रुपयांचा हातखर्च मिळतो. कमी पगाराची का होईना, पण निवृत्तिवेतनाची नोकरी ही भारतीय धावपटूची खरी प्रायोजक आहे, आणि मध्यमवर्गीय घरात या गोष्टीचे मोल कोणाला सांगावे लागत नाही.

परंतु दिवस पालटत आहेत. नीरज चोप्राने टोकियोत सुवर्णपदक मिळवल्यानंतर खासगी कंपन्या मैदानी खेळांकडे वळल्या. जुलै २०२५ मध्ये बंगळूर येथे नीरजच्या नावाने आंतरराष्ट्रीय भालाफेक स्पर्धा झाली. तिच्या आयोजनात तो स्वतः, त्याचे काम पाहणारी खासगी संस्था आणि भारतीय ॲथलेटिक्स महासंघ असे तिघेही होते. खेळाडू, भांडवल आणि महासंघ एका मांडवात बसू शकतात, याचे हे उदाहरण शुभ म्हटले पाहिजे. मात्र नीरजशी महासंघ ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात तो राज्य स्पर्धेत तिसऱ्या आलेल्या मुलीशी बोलतो काय, ही खरी कसोटी आहे. नियमांची गरज नामवंतांना नसते; ती अनामिकांना असते.

२०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. महासंघांना मान्यता देणारे राष्ट्रीय क्रीडा मंडळ, तंटे सोडवणारा राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण आणि प्रत्येक महासंघात खेळाडूंची समिती, अशी त्याची रचना आहे. ही चौकट चांगली आहे. पण चौकटीत काय भरले जाते यावर सारे अवलंबून राहील. किमान चार गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, महासंघाने प्रायोजकाशी केलेला करार आणि त्या पैशाचा खर्च खेळाडूंच्या समितीपुढे दरवर्षी ठेवला जावा. दुसरी, राष्ट्रीय गणवेश कोठे बंधनकारक आहे याची यादी लेखी असावी; मैदान, पदकदान, संचलन आणि पत्रकार परिषद यांपलीकडे तिचा हात पोहोचू नये. तिसरी, राष्ट्रीय संघाच्या नावावर आलेल्या प्रायोजकाच्या पैशाचा ठरावीक हिस्सा संघातील प्रत्येक खेळाडूला मिळावा, केवळ पदक मिळवणाऱ्याला नव्हे. चौथी, दुखापत आणि बाळंतपण या काळात मानधन कापता येणार नाही, असे कलम महासंघाने मान्यता दिलेल्या प्रत्येक खासगी करारात असावे. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आणि तिचे शेतकरी आईबाप वीस पानांचा इंग्रजी करार वाचू शकत नाहीत. तो त्यांच्या वतीने वाचणे हे महासंघाचे पहिले कर्तव्य मानले गेले पाहिजे.

हे सारे करूनही काही वाद राहतीलच. राष्ट्राचा मान आणि व्यक्तीची उपजीविका यांची सांगड घालणे कोठेच सोपे गेलेले नाही. तथापि एक गोष्ट निर्विवाद आहे. धावपटूची कमाईची वर्षे फार तर दहा-बारा असतात. त्याचे गुडघे आणि घोटे हेच त्याचे भांडवल असते आणि त्याची झीज कोणत्याही ताळेबंदात दाखवली जात नाही. ज्या व्यवस्थेत पदाधिकारी वीस वर्षे टिकतो आणि धावपटू चार वर्षांत संपतो, त्या व्यवस्थेत नियम करण्याचा अधिकार केवळ टिकणाऱ्याकडे राहिला, तर नियम कोणाच्या सोयीचे होतील हे वेगळे सांगण्याची गरज नाही. गणवेश राष्ट्राचा असावा, याबद्दल दुमत नाही. पण तो घालणारा माणूस कोणाच्याच मालकीचा नाही, हे त्या गणवेशाचे नियम लिहिणाऱ्यांनी पहिल्याच ओळीत लिहून ठेवले पाहिजे.